हरणीची अर्धी हाळी

आधीच सांगून टाकतो, मी देवाला हात जोडतो तो आई बघत असेल तर. भूतखेत, चकवा, करणी यांवर गावात गप्पा रंगल्या की मी उठून पाणी प्यायला जायचो. हैदराबादच्या ज्या कंपनीत आहे तिथे माझं काम एकच - काही बिघडलं की ते कशाने बिघडलं हे शोधायचं. कारण सापडेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही, अशी बायकोची कायमची तक्रार असते. तरीही हे लिहितोय. कारण या एका गोष्टीचं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी. कॉलेज शहापूरला झालं, मग नोकरीसाठी हैदराबाद. गावी आई, धाकटा भाऊ सुनील आणि जनाआत्या. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली आणि लवकरच माहेरी परत आली... का, ते आम्ही कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. आल्या दिवसापासून घरची गुरं तिच्या ताब्यात. सकाळी रानात सोडायची, संध्याकाळी खालच्या बांधावर उभं राहून हाळी द्यायची. हाळी म्हणजे गुराख्याची लांबवर जाणारी हाक. आमच्याकडे प्रत्येक गुराख्याची हाळी वेगळी असते आणि गुरं आपल्याच माणसाच्या हाळीला वळतात. आत्या एकेका गाईचं नाव घेते आणि ज्या गाईचं नाव घेतलं ती चालायला लागते. लहानपणी मला ही जादू वाटायची. मोठेपणी सवय वाटायला लागली.

या वर्षी आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. मी हट्टाने तिला हैदराबादला आणलं आणि ऑपरेशन केलं. तिची एकच अट होती.

"वाघबारशीला मला घरी पोचव, इलास. मग तुझ्या डाक्टरला काय करायचं ते करू दे."

वाघबारस म्हणजे दिवाळीच्या तोंडावरची बारस. शहरात वसुबारस म्हणतात तीच. आमच्याकडे त्या दिवशी दिवस मावळायच्या आत सगळी गुरं खाली उतरलीच पाहिजेत. त्यांच्या शिंगांना गेरू लावायचा आणि वेशीवरच्या वाघदेवाला खीर ठेवायची - वर्षभर आमच्या गुरांकडे बघू नको, म्हणून. आमच्या घरची खीर आत्या ठेवते. तिच्या तरुणपणी रानात वाघरू आडवं आलं असताना ती एकही गाय न गमावता घरी आली होती, तेव्हापासून हा मान तिचा.

डॉक्टरांनी शेवटची तपासणी ठेवली ती नेमकी बारशीच्या आदल्या दिवशी. मी बारशीच्या सकाळचं विमान बुक केलं. दुपारच्या जेवणाला गावात, असा माझा हिशोब... आणि हिशोब म्हटला की माझी छाती फुगते.

विमानात बसलो. बसूनच राहिलो. मुंबईवर ढगांचा गडगडाट आहे, जरा थांबावं लागेल, अशी घोषणा झाली. मग पुन्हा जरा थांबावं लागेल. शेवटी सगळ्यांना खाली उतरवून परत विमानतळाच्या इमारतीत आणलं. सणाच्या दिवसांत घरी निघालेली माणसं ती! कोणाच्या मांडीवर मिठाईचे डबे, कोणाची नवी नवरी पहिल्या दिवाळीला माहेरी निघालेली. काउंटरवर जी झुंबड उडाली ती विचारू नका. एक गृहस्थ तर तिथल्या पोरीवर असे ओरडत होते की माझंच रक्त उसळलं. तेही पोरीची बाजू घ्यायला नाही, स्वतः ओरडायला उसळलं, हे कबूल करतो. मी पण रांगेत आवाज चढवून तयारच होतो.

तेवढ्यात आत्या काळा चष्मा सावरत सगळ्यांच्या पुढे गेली.

"पोरीला कशाला बोलता? ती का ढग हाकते?" आणि मग त्या पोरीला, "तू काय खाल्लंस का गो सकाळपासून?"

पोरगी तेलुगू. तिला मराठीचा एक शब्द कळला नसणार. पण आत्याने पिशवीतून फडकं काढलं, त्यातली नाचणीची भाकरी मोडली आणि अर्धी तिच्या हातात ठेवली. ती पोरगी काउंटरवर मान खाली घालून भाकरी खायला लागली, तेव्हा ओरडणारे गृहस्थ गप्प झाले. उरलेली भाकरी एका रडणाऱ्या पोराला, लसणाची चटणी त्याच्या आईला. आमच्या गावाकडे नदीला पूर आला की अलीकडच्या घरांत माणसं अडकून पडायची आणि आत्या चुलीपाशी बसून सगळ्यांची सोय लावायची. इथेही तिने तेच केलं. माझ्या कौतुकाला पार नव्हता. खरं सांगायचं तर थोडा मत्सरही वाटला... पस्तीस वेळा विमानात बसलेला मी, आणि पहिल्यांदा विमानतळ बघणारी ती!

दुपारनंतर विमान रद्द झालं. पुढच्या जागा थेट दुसऱ्या दिवशी सकाळच्या. मी आत्याला घाबरत घाबरत सांगितलं. ती फक्त म्हणाली, "म्हणजे आज नाय."

मला वाटलं, सुटलो.

ऊन कलायला लागलं तसा सुनीलचा फोन आला. आमच्या गावात शाळेजवळच्या टेपाडावर चढलं तरच रेंज येते, रानात तर नावालाही नाही. तिथून तो धापा टाकत बोलत होता.

"दादा, गुरं उतरली नायत. दोनदा वर जाऊन आलो. माझ्या हाळीला एक पन हलत नाय. धुकं उतरलंय."

"येतील रे."

"हरणीचे दिवस भरलेत. आज-उद्या विते का काय... आनी परवा खालच्या वाडीतलं वासरू बिबट्यानं नेलंय. तू आत्याला सांगू नकोस. मी नि हरीकाका परत जातो वर."

हरीकाका आमचे शेजारी, आणि हरणी ही आत्याची लाडकी गाय. तिच्या आईलाही आत्यानेच वाढवलं होतं. मी फोन खिशात टाकला आणि चेहरा शक्य तेवढा कोरडा केला.

"हरणी वर हाय ना?" आत्याने विचारलं.

मी विमानांच्या वेळांच्या फलकाकडे बघायला लागलो. पण माझं तोंड तिने जन्मापासून पाहिलेलं आहे. ती उठली. मावळतीच्या बाजूची मोठी काच होती, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. बाहेर विमानं, ट्रॉल्या, लांबवर सपाट माळ आणि खाली गेलेला सूर्य. तिने पदर खोचला, एक हात कानामागे नेला... आणि माझ्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता.

"हाऽऽऽ ये गो तांबूऽऽऽ! ये गो मोरीऽऽऽ!"

अख्खा विमानतळ वळून बघायला लागला. तो आवाज डोंगराच्या एका सोंडेवरून दुसरीवर पोचण्यासाठी घडलेला. माझे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. आत्या एकेक नाव घेत होती. चांदी. कपिली. "ये गो हर-"

"माताजी! माताजी, यहाँ चिल्लाना मना है." एक सुरक्षा कर्मचारी धावत आला. आत्या थांबली. मी त्याची माफी मागितली, तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. तिने निमूट ऐकलं. पण ओठ हलत होते, कोणीतरी तोंडातला घास काढून घेतल्यासारखे.

थोड्या वेळाने पुन्हा सुनील. आवाज चिडलेला.

"दादा, तुमी आलात तर सांगायचं तरी! आनी आत्याला एकटीला वर कशाला पाठवलंस? डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना तिचं?"

"काय बोलतोस?"

"डोंगराच्या धारेकडनं हाळी दिली की तिनं आत्ता! मी ऐकली, हरीकाकांनी ऐकली. गुरं अशी धावत सुटली खाली... तांबू, मोरी, सगळी आली. पन हरणीचं नाव अर्धंच घेतलं. का थांबली ती? हरणी निम्म्या उतारावर येऊन उभी हाय. पुढं पन येत नाय, मागं पन जात नाय. आमी ओढली तरी हलत नाय. काका थांबलेत तिच्यापाशी. अंधार पडल रे."

समोर काळा चष्मा लावून, मांडीवर पिशवी घेऊन आत्या बसलेली. मी स्वतःच्या डोळ्यांनी तिला बघत होतो.

"सुनील, तू परत वर जा," मी म्हणालो. "काकांपाशी जाऊन थांब."

आत्याला सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग त्या कर्मचाऱ्याकडे बोट केलं. "तो नको बोलला ना."

मी उठलो. कारणं शोधणारा मी, त्या माणसासमोर हात जोडून उभा राहिलो आणि तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणालो, साहेब, आमची गाय रानात उभी आहे, गाभण आहे, हिला एकच नाव पूर्ण घेऊ द्या. तो माझ्याकडे वेडा समजून बघेल असं वाटलं होतं. त्याने टोपी काढली. म्हणाला, हमारे घर में भी गाय है. आणि आत्याला म्हणाला, "बुलाइए, माताजी."

सुनील उतारावर पोचेल इतका वेळ आम्ही थांबलो. मग मी काचेपाशी तिच्या शेजारी उभा राहिलो. "ओरड आत्या. मोठ्यानं ओरड."

आत्याला एकदम हसू आलं. मघाशी लाजेने लाल झालेला भाचा आता मोठ्यानं ओरड म्हणतोय, याचं असेल. ती खळखळून हसली, आणि त्याच श्वासात -

"ये गो हरणीऽऽऽ! मी हितंच हाय गोऽऽऽ!"

सगळ्यांच्या माना वळल्या. काउंटरवरची ती पोरगीही उभी राहून बघत होती.

मग वाट बघणं. मी फोन हातातून सोडला नाही. शेवटी तो वाजला, आणि सुनील नुसता रडत होता. हरणी गोठ्यात आली होती. वेशीवर खीर तेवढी राहिली होती. आत्याने फोन घेतला. "आज तुझ्या हातनं ठेव. वाघदेव हात कुनाचा ते बघत नाय, गुरं घरात हायत का ते बघतो." मग खुर्चीवर मागे टेकून ती जी झोपली ती सकाळीच उठली.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो तेव्हा हरणीपाशी ओलं वासरू उभं होतं. आत्या तडक गोठ्यात गेली. मी मात्र माझ्या कामाला लागलो. सुनीलला वेगळं विचारलं, हरीकाकांना वेगळं. फोनमधून आवाज गेला का? वर रेंज नाही, आणि हाळी दिली तेव्हा माझा फोन खिशात होता. दुसरं कोणी नक्कल केली का? करणार कोण, आणि नाव नेमकं अर्ध्यावर तोडणार कशाला? भास म्हणावा, तर गुरांनाही झाला?

आत्यालाच विचारलं. ती वासराचं अंग पुसत म्हणाली, "हाक मारली की येतात गुरं. त्यात काय इचारायचं?"

निघताना हरीकाका मला वेशीपर्यंत सोडायला आले. सहज बोलावं तसं म्हणाले, "सगळं समजलं रे इलास. पन येक नाय समजलं. धारेवर दुसऱ्यांदा हाक मारायच्या आधी ती हसली कशाला?"

हसण्याचं मी गावात कोणालाच सांगितलं नव्हतं.