किल्ल्यांचा जुडगा

कंपनीची पिकनिक समुद्राकाठच्या रिसॉर्टला होती. जेवण अंगावर आलं तेव्हा कुणीतरी टूम काढली, मागे जुन्या बंदर-शहराचे अवशेष आहेत, ते बघून येऊ. गेलो. फोटो काढले आणि दोन मिनिटांत सगळ्यांचा इतिहास संपला.

आमचे मेंटेनन्सचे साहेब मात्र एका भिंतीपाशी थांबले. प्लांटमधल्या टाक्या ठोकून गंज ओळखायची त्यांना सवय. तसाच ते किल्ल्यांच्या जुडग्याने शेकडो वर्षांचा दगड ठोकायला लागले. कान लावून, डोळे मिटून! आणि आम्ही शहाणे मागे हात बांधून उभे.

"पोकळ आहे," साहेबांनी निकाल दिला. "पुढच्या पावसात खाली येणार."

भिंतीच्या आडोशाला एक म्हातारी कोळीण सुकट वाळवत होती. तिने मानही वर केली नाही. "माज्या सासूला पन असंच कोन तरी सांगून गेलेला," ती म्हणाली. "सासू गेली. भिंत हाय."

"अडाणी," साहेब माझ्या कानात कुजबुजले. मीही मान डोलावली, निर्लज्जासारखी.

संध्याकाळी घरी, सरावलीला परतलो. साहेब आणि मी एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. सोसायटीचे चेअरमन तेच. आठ वर्षांच्या त्या इमारतीच्या जिन्यात पुन्हा प्लास्टर पडलं होतं, वर सळई उघडी. साहेबांनी ते बुटाने कोपऱ्यात सारलं आणि त्याच जुडग्यातल्या किल्लीने गुपचूप आपलं दार उघडलं.

इथली भिंत ठोकून बघायची हिंमत मात्र ना त्यांना झाली, ना मला.