आग्रहाचे दहा युरो

योगिनीताई सरनाईक आयर्लंडमधल्या लिमरिकच्या एका कारखान्यात काम करतात. रक्तवाहिनीत घालायच्या बारीक नळ्या तिथे बनतात आणि ताई त्या दिवसभर मायक्रोस्कोपखाली तपासत बसतात. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, हातात ग्लोव्हज. शेजारच्या माणसाला चुकून हात लागला तरी ग्लोव्हज बदलायचे, असा नियम. घरी जाऊन तरी काय वेगळं? यजमान चार वर्षांपूर्वी गेले, मूलबाळ नाही. पुण्याला परत का जात नाही विचारलं की म्हणतात, "तिथे तरी कोण आहे गं?" मी त्याच कारखान्यात आहे आणि त्यांच्याच गल्लीत राहते, म्हणून रोज माझ्या गाडीने जातो. आमची ओळख ती एवढीच, वीस मिनिटांची.

त्या गाडीतच त्यांनी मला ह्यनजूबद्दल सांगितलं. ही कोरियन बाई, ताईंच्याच वयाची, गावात दोन खुर्च्यांचं सलून एकटीने चालवते. ताई महिन्यातून एकदा तिच्याकडे केस रंगवायला जायला लागल्या. पहिल्याच खेपेला केस धुऊन झाल्यावर ह्यनजूने त्यांचं डोकं दहा मिनिटं चेपून दिलं. कानांच्या मागे, मानेवर, कपाळावर. चेपताना मोडक्या इंग्रजीत आपल्या आईच्या गोष्टी सांगत होती.

"सुमेधा, मला रडूच आलं," ताई समोर रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "डोळ्यांवर टॉवेल होता म्हणून बरं. गिरीश गेल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता गं."

मी वायपर सुरू केले.

बिलात मात्र फक्त रंगाचे पैसे. डोकं चेपल्याचे किती, असं विचारलं तर ह्यनजू हसून "सर्व्हिस" एवढंच म्हणाली आणि वर एक संत्रं सोलून हातावर ठेवलं. दरवेळी असंच. तीन-चार महिन्यांनी ते ताईंना टोचायला लागलं. कुणाचं मिंधं व्हायचं नाही हे आपल्याकडे लहानपणापासून पढवलेलं असतं. "मग टिप ठेवा की," मी म्हटलं. "दहा युरो. पद्धतच आहे इथली." माझं हे असंच आहे. कुणी विचारायचा अवकाश, मी सल्ला देऊन मोकळी.

ताईंनी नोट ठेवली तर ह्यनजू ती परत द्यायला पार्किंगपर्यंत धावत आली. मला हसू आलं. "अहो, नको नको म्हणायचंच असतं. आपल्याकडे आहेर घेताना काय करतात? आग्रह करा."

पुढच्या महिन्यात ताईंनी आग्रह केला. अस्सल मराठी आग्रह! ती नको म्हणतेय, या हातात कोंबतायत. ती मागे सरकतेय, या तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात नोट घालतायत. शेवटी ह्यनजूने ती बाहेर काढली, दोन्ही हातांत धरली, मान लववली आणि हळूच थँक्यू म्हणाली. "घेतली बाई एकदाची," ताईंनी मला विजयाने सांगितलं.

त्याच्या पुढच्या महिन्यात भिंतीवरच्या दरपत्रकात नवी ओळ आली होती. हेड मसाज, दहा मिनिटं, दहा युरो. बेसिनशेजारी एक छोटा टायमर. हात तेच, पण टायमर वाजला की थांबायचे. संत्रं बंद झालं, आईच्या गोष्टीही बंद झाल्या.

"छान करते. ग्रँड आहे सगळं," ताई इथल्या लोकांच्या तोंडचा शब्द वापरून म्हणाल्या आणि पावसाचं बोलायला लागल्या.

मार्चमध्ये कंपनीने मला दोन आठवडे कोरियात सोलला पाठवलं. जाणाऱ्यांसाठी एक माहितीपत्रक होतं, ते मी विमानात उघडलं. टिपेबद्दल चारच ओळी होत्या. कोरियात टिप देऊ नका. दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाला आपणहून काही जास्तीचं देतात, त्याला ते 'सर्व्हिस' म्हणतात. ते आनंदाने घ्या आणि पुन्हा या. पैसे देऊ केलेत तर त्यांना परक्यासारखं वाटेल.

तिथल्या एका खानावळीत मी सलग चार दिवस जेवले. पाचव्या दिवशी मालकीणबाईंनी न मागवलेली एक बशी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "सर्व्हिस." मी ती संपवली. स्वतःच्या शहाणपणाची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

परत आल्यावर गाडीत ताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे ती मला आपलं समजून करत होती. आणि मी तिचं बिल चुकतं केलं."

शनिवारी त्या तिळाचे लाडू करून निघाल्या. मी हट्टाने सोबत गेले. ताईंनी काउंटरवर स्टीलचा डबा ठेवला. "फॉर यू." ह्यनजूने झाकण काढून वास घेतला, उभ्या उभ्या एक लाडू खाल्ला आणि तिचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, सुटलो.

मग तिने हात पुसले, गल्ला उघडला आणि अगदी मनापासून विचारलं, "हाउ मच?"

"नो, नो. गिफ्ट," ताई म्हणाल्या.

ह्यनजू गोंधळली. तिने डबा ताईंकडे थोडासा परत सरकवला. या बाईशी कसं वागायचं ते तिला आम्हीच तर शिकवलं होतं, आणि ती ते प्रामाणिकपणे पाळत होती. मला मध्ये पडून सगळं समजावून सांगावंसं वाटत होतं, पण आजवर केलेली मदत पुरे होती.

ताईंनी एकदा डब्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "फाइव्ह," त्या म्हणाल्या.

ह्यनजूने पाच युरोंची नोट दोन्ही हातांनी पुढे केली. लाडू एका ताटलीत काढून घेतले, डबा धुऊन, कोरडा करून, रिकामा परत दिला.

गाडीत ताई तो डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "किंमत सांगावीच लागली गं," त्या म्हणाल्या. "नाहीतर तिने लाडू घेतलेच नसते."