आईच्या चिकूची माती

घोलवडची वाडी रस्त्याच्या कामात गेली, तेव्हा आईने तिच्यातलं एकच मागून घेतलं: दारातल्या चिकूचं कलम. झाड तुटायच्या आधीच नर्सरीवाल्याने ते बांधून दिलं होतं. डहाणूला आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आई आली ती कलम मांडीवर घेऊनच. बाबा नव्हते, वाडी नव्हती. सकाळी तिला अंथरुणातून उठवणं मला जमत नव्हतं, ते त्या कलमाने जमवलं. म्हणून ते जगायला हवं होतं. एरवी मला चिकूचं काडीचं कौतुक नाही.

आमची बाल्कनी पश्चिमेची. सकाळी घातलेलं पाणी दुपारच्या चहापर्यंत उडून जायचं. माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटायची आणि वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली. नळ पुन्हा येणार दुसऱ्या दिवशी. मी शेणखत मिसळलं, कुजलेला पाला घातला, वर वाळलेलं गवत पसरलं. थोडा फरक पडला. आई मात्र माझ्या प्रत्येक उपायाकडे सासूने सुनेच्या आमटीकडे पाहावं तशी पाहायची.

"वाडीत आम्ही झाडाखाली नारळाची सोडणं पुरायचो," ती म्हणाली. "ती पाणी धरून ठेवतात. तुझ्या गवताने काय होतंय?"

खोटं नव्हतं ते. झाईच्या मावशीला फोन गेला आणि एसटीतून गोणी आली. मावशीच्या शेजारी काथ्याचे दोर वळायला नारळावरची ही सोडणं महिनोन्‌महिने खाडीत कुजत घालतात. त्यातलीच मऊ झालेली निवडून तिने प्रेमाने वाळवून पाठवली होती. आईने ती हातांनी पिंजली आणि मातीत कालवली.

आता संध्याकाळीही माती ओली लागायची. आई कितीतरी दिवसांनी हसली. मीही हरले म्हणून खूश होते. खालच्या ताटलीत झिरपलेलं पाणी ती न चुकता परत कुंडीत ओतायची. विहिरीवरून घागरी वाहिलेली बाई, थेंब वाया घालवणार नाही.

मग पानांची टोकं करपली. आईला वाटलं, तहान आहे. ती ताटली दिवसातून अनेकदा रिकामी करू लागली, कुंडीतच. पानं गळू लागली तेव्हा तिने एका दुपारी ताटलीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारं आहे गं," ती म्हणाली.

खाडीचं मीठ आम्ही रोज फिरवून फिरवून त्याच मुळांना पाजत होतो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. माती बदलली, मुळं गोड्या पाण्याने धुतली. मावशीला यातलं काही कळवायचं नाही, अशी आईची ताकीद. शेंडा वाळायचा तो वाळलाच. नखाने साल खरवडली तर आत हिरवा ठिपकाही नव्हता. आई पुन्हा उन्हं वर येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. मला त्या झाडाचा संताप यायचा, आणि तिची भीती वाटायची.

पुढे बुंध्याशी एक नवी हिरवी फूट आली. चिकूचं कलम खिरणीच्या रोपावर बांधतात. फूट जोडाच्या खालून आली होती, म्हणजे ती खिरणीची. आमच्या दारातल्या झाडाचं तिच्यात काहीच नव्हतं. उगाच आशा नको म्हणून मी आईच्या नकळत कात्री घेऊन बाल्कनीत गेले. ती मागे येऊन उभी होती.

"राहू दे," ती म्हणाली. "आपलं नाही ते, कळतं मला. पण मग सकाळी उठून मी पाणी कुणाला घालू?"