हळदीखालचा डाग

आमच्या घराची भाकर मेलेल्या जनावरावर चालायची. गावात बैल मेला की बाप ओढून न्यायचा, कातडं सोलायचा. पण धडधाकट बैल मेला, तर आधी बापालाच चावडीवर बोलावणं. कातड्यासाठी तूच विष घातलंस म्हणायचे. दोनदा मार खाऊन आला. बैलाचं पोट उघडून एकदाही कुणी पाहिलं नाही. म्हणून मी जबलपूरला जाऊन जनावरांचा डॉक्टर झालो. घरात शाळा पाहिलेला पहिला मीच. हे मी लाजून सांगत नाही.

वाशीमजवळच्या मालेगावात जनावरांच्या दवाखान्यात असताना वाशीमहून बोलावणं आलं. कापसाचे दिवस, त्यात अवकाळी पाऊस पडून गेलेला. जिनिंग गिरणीच्या फाटकाजवळ किन्हीराजाच्या एका शेतकऱ्याचा गाडीचा बैल उभ्या उभ्या कोसळला होता. कातडं मागायला जो म्हातारा सर्वांत आधी आला, त्यालाच विषाच्या संशयावरून पोलीस जमादारानं धरून बसवलं होतं.

बैल विजेच्या खांबाच्या ताणतारेला लागून पडला होता. मी आधी वायरमनला बोलावून वीज बंद करायला लावली. जिनिंगचा मुनीम हसला.

"डॉक्टरसायब, या तारेत करंट नसते. थे नुसती खांब धरून राह्यली."

"नसते, त बंद करायले तुमचं काय जाते?"

बैलाच्या तोंडात अर्धा चावलेला कडबा होता. पाय झाडल्याची मातीत खूण नव्हती. शेतकऱ्याच्या बायकोनं रिवाजाप्रमाणे त्याच्या कपाळावर, शिंगांच्या बुडापर्यंत हळद-कुंकू माखलं होतं. मी ओलं फडकं मागितलं, तसा शेतकरी आडवा आला.

"हळद पुसू देनार नाही. अन् तुमी त पुसूच नका."

'तुमी'वरचा जोर मला बरोबर समजला.

"कोनं पुसाची थे तुमीच ठरवा, पाटील. पन पुसल्याबिगर या म्हाताऱ्याले कोनी इथून ठान्यावर नेनार नाही."

जमादार वैतागला. "कायले टाइम घालवता? पोट फाडा न!"

"पोट फाडतोच. आधी कातडं पाह्यतो. कातडं आमाले चांगलं समजते."

शेवटी शेतकऱ्याची बायकोच उठली. "बैल कायनं मेला, थे मलेबी पायजे," असं नवऱ्याला सुनावून तिनं पदरानं हळद पुसली. शिंगाच्या बुडाशी केस जळून आखडले होते आणि मधे करड्या रंगाचा, टणक, बोटाच्या पेराएवढा खळगा होता. ताणतारेवर उभ्या बैलाच्या शिंगाएवढ्या उंचीला बैलाचे केस चिकटले होते. मग पोट उघडलं. आतडी साफ होती, रक्त काळसर आणि पातळ. नाकाला रुमाल लावलेल्या जमादाराला मी जवळ बोलावून सगळं दाखवलं. तोवर वायरमन खांबावर चढला होता. वरची तार घासून ताणतारेला टेकलीय, असं त्यानं वरूनच ओरडून सांगितलं. मुनीम तिथून निघून गेला.

मी जागेवरच अहवाल लिहिला: मरणाचं कारण विजेचा धक्का. पोटातले नमुने तपासायला नागपूरला पाठवले, त्यातही विष निघालं नाही. म्हाताऱ्यावर गुन्हा नोंदवला गेला नाही. अहवाल लिहिला त्याच दिवशी तो आपल्या पायांनी घरी गेला.