गिटारीला लावलेली जवारी

ही जाऊन अकरा महिने झाले. लोक म्हणतात, काका, तिच्याबद्दल काहीतरी लिहा, मन हलकं होईल. मन हलकं-बिलकं काही होत नाही. पण रिकामा बसून करू काय, म्हणून लिहितोय. माझी शाळा मिरजेत चौथीपर्यंत. चुका दिसतील, त्या दिसू द्या.

आधी हे सांगतो की अमेरिकेला मी हिच्यामुळे आलो. आमच्या ओळखीतले बाकीचे सगळे इंजिनियर नाहीतर डॉक्टर, आपापल्या डिग्रीवर आलेले. मी बायकोच्या डिग्रीवर आलो. ही नर्स. मी लेथवर काम करणारा टर्नर, आणि त्याच्याही आधी, मिसरूड फुटायच्या आत, तंबोरे-सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत भोपळे घासायला होतो. ट्रेंटनजवळ एका मशीन शॉपमध्ये मला काम मिळालं आणि वेस्ट विंडसरला आम्ही घर घेतलं. पार्ट्यांत कुणी मला विचारलं, तुम्ही कुठल्या कॉलेजचे, तर ही मध्येच म्हणायची, "त्यांच्या हातात कॉलेज आहे." मला लाज वाटायची. आता वाटते ती तिला तेव्हा थँक्यू म्हटलं नाही याची.

ही गायची. स्टेजवर वगैरे नाही. दर शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये भजन असायचं, तिथं. आणि घरात. भांडी घासताना, पोरीची वेणी घालताना, बर्फात अडकलेल्या गाडीत बसल्याबसल्यासुद्धा.

ऐंशीच्या दशकात हिच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली. ऑपरेशनच्या आधी सर्जननं स्वच्छ सांगितलं होतं की आवाजाची नस तिथूनच जाते, ती दुखावू शकते. गाठ साधी निघाली. नस मात्र दुखावली. सायकलच्या पंपाला चीर पडली की हवा कशी सुटते, तसा हिचा आवाज झाला. बोलणं कळायचं, पण गाणं संपलं. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात जेवढं परत येईल तेवढं आपलं.

वर्ष होत आलं. काही आलं नाही. ड्यूटी करायची, घरी यायची, गप्प. शनिवारचं भजन बंद केलं. हळूहळू बोलणंही बंद. पोरीला काही सांगायचं तर चिठ्ठी फ्रिजवर. माझ्यासारख्या माणसाला असलं झेपत नाही. एकदा मी चिडून म्हणालो, "बोलायला काय टॅक्स लागतो का इथं?" तिनं नळ बंद केला आणि वर निघून गेली. तो एक शब्द मला परत घेता आला असता तर बाकी सगळं आयुष्य आहे तसं चाललं असतं.

त्यानंतर आठवड्यानं तीच जेवताना म्हणाली, "मला एक गिटार आणाल?"

मी म्हणालो, "पेटी आहे की घरात."

"पेटीचा सूर तुटक. या पट्टीवरून उचलायचा, त्या पट्टीवर ठेवायचा. मला ओढायचाय." मग तिनं हात मांडीवर आडवा ठेवून दाखवलं. नर्सिंगच्या होस्टेलमध्ये हिच्या खोलीतली एक मुलगी गिटार मांडीवर आडवी घेऊन, लोखंडी कांडी तारांवरून सरकवत वाजवायची. हिला तिनं थोडं शिकवलं होतं. लग्नाला इतकी वर्षं होऊन मला हे माहीत नव्हतं.

पोर तेव्हा तेरा वर्षांची. इथंच जन्मलेली. ती म्हणाली, "इलेक्ट्रिक घ्या, बाबा. साध्या गिटारचा साउंड लगेच मरतो. इलेक्ट्रिकचा स्टे होतो."

शनिवारी मी तिला घेऊन ट्रेंटनच्या एका म्युझिक स्टोअरमध्ये गेलो. माझं इंग्रजी मशीन शॉपपुरतं, म्हणून बोलायला ती. भिंतभर गिटारी. चकचकीत होत्या त्या आमच्या हाताबाहेरच्या. कोपऱ्यात एक लाल होती, कोरियात बनलेली, सगळ्यांत स्वस्त. मी ती उतरवून घेतली. बोटाच्या पेरानं ठोकली. मग तार छेडली आणि मानेकडचं लाकूड दातात धरलं. मिरजेत आम्ही असंच बघायचो. कान फसतो, दात फसत नाहीत.

पोरगी दोन पावलं मागं सरकली. "बाबा, प्लीज! लोक बघतायत."

"बघू दे. माझे दात आहेत."

दुकानदार केस पाठीवर सोडलेला माणूस होता. तो हसला नाही. त्यानं पोरीला काहीतरी सांगितलं. तिनं मला सांगितलं, "तो म्हणतो, याचं लाकूड ओके आहे. बाकी सगळं जंक. हे विकत घ्या आणि हळूहळू एकेक पार्ट चेंज करा. अपग्रेड."

हे मला पटलं. आयुष्यभर मी दुसरं काय केलं होतं? गिटार घेतली, एक जुना छोटा अँप्लिफायर घेतला आणि हिला सांगितलं, दोन आठवडे बेसमेंटमध्ये यायचं नाही.

कामावरून आलो की खाली. खुंट्या ढिल्या होत्या, तार लावली की उतरायची. त्या बदलल्या. तारांखाली आवाज पकडणारं जे लोहचुंबक असतं, त्याला पिकअप म्हणतात, ते दुकानदाराकडून चांगलं आणून सोल्डर केलं. इथपर्यंत ठीक होतं. मग मी माझी अक्कल लावली.

तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. ती कानसेनं अशी घासायची की तार तिला नुसती शिवत राहते, आणि मग सूर झणझणत, भरून येतो. तीच जवारी. ती ज्याला लावता येते त्याला गल्लीत मान. मला पोरवयात कुणी हात लावू दिला नव्हता, मी फक्त बघितलं होतं. मी गिटारीची लोखंडी घोडी काढून टाकली. कामावरच्या शॉपमधून घट्ट पांढऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा आणून तिथं रुंद घोडी बसवली आणि नऊ संध्याकाळी ती घासली. एक केस इकडे तिकडे झाला की परत पहिल्यापासून. शेवटी लागली. तंबोऱ्याला सरकवतात तसा तारेखाली दोरा सरकवला आणि असा झंकार उठला की माझ्या अंगावर काटा आला. मनात म्हटलं, मिरजेतल्या म्हाताऱ्यांनी हे ऐकायला पाहिजे होतं.

हिला खाली बोलावलं. खुर्चीवर बसवलं, गिटार मांडीवर आडवी दिली, कांडी हातात दिली. तीही मी लेथवर काढली होती, आरशासारखी. पोर जिन्यात बसलेली.

हिनं कांडी तारेवर ठेवली आणि सरकवली. अँप्लिफायरमधून जो आवाज आला तो सांगायची सोय नाही. डब्यात माश्या कोंडून डबा हलवावा, तसा. कांडी पुढं, माश्या पुढं. कांडी मागं, माश्या मागं.

पोरगी म्हणाली, "ओ माय गॉड."

आणि ही हसायला लागली. आवाजाशिवाय. खांदे हलतायत, डोळ्यांतून पाणी, गिटार मांडीवरून घसरतेय. वर्षभरात पहिल्यांदा. मला बरं वाटलं आणि रागही आला. नऊ संध्याकाळी!

"हसतेस काय? अस्सल जवारी आहे ती."

"अहो," ती त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "जवारी चांगलीच आहे. पण हा तंबोरा केलात तुम्ही."

"मग?"

"तंबोरा गाणाऱ्याच्या साथीला लागतो. गाणारं कोण आहे आता? मला साथ नकोय हो. मला गळा पाहिजे."

मी अँप्लिफायर बंद केला. मला वाटायचं, बाईला वाद्य पाहिजे, आणलं, चांगलं केलं, झालं. तिला काय पाहिजे ते तिनं पेटीच्या वेळीच सांगितलं होतं. मी ऐकलंच नव्हतं. जे मला येत होतं, येत होतं म्हणजे तरी काय, जे मला पोरपणी करू दिलं नव्हतं, ते मी तिच्या गिटारीवर करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी ती घोडी काढली. या वेळी तिला शेजारी बसवून काम केलं. ती कांडी सरकवणार, मान हलवणार. मी तार उचलणार. लोखंडी घोडी परत बसवली. मानेकडची पट्टी उंच केली, म्हणजे तार लाकडापासून वर राहते आणि कांडी लाकडाला घासत नाही. पातळ तारा काढून जाड घातल्या. "अजून," म्हणायची. "आता जास्त झालं." "माझा गळा एवढा बारीक नव्हता." "नव्हता कसा? तू वर गेलीस की शेजारचं कुत्रं भुंकायचं." असं आमचं चालायचं. काम करताकरता ती बोलत होती, ते माझ्या ध्यानात आलं, पण मी दाखवलं नाही. दाखवलं असतं तर थांबली असती.

मग ती एकटीच दार लावून वाजवायची. आम्हाला आत जायची बंदी. बाहेर ऐकू यायचं ते निम्मं बेसूर. एकच ओळ शंभरदा. थंडी सरली, मार्च गेला.

एप्रिलमधला रविवार होता. मी गॅरेजसमोर गवत कापायचं मशीन उघडून बसलो होतो, हाताला ग्रीस. खिडकी उघडी होती. आतून गिटारीचा आवाज आला. गाणं नव्हतं. दोनच सूर. पहिला छोटा, खालचा. दुसरा तिथनंच उचललेला, वर ओढत नेलेला, आणि शेवटी किंचित खाली सोडलेला. मी पाना टाकला आणि "आलो" म्हणालो. म्हणून झाल्यावर मला कळलं की मी कशाला ओ दिली.

ग्रीसचे हात घेऊन तसाच आत गेलो. ती पलंगावर बसलेली, मांडीवर ती लाल गिटार. माझ्याकडं बघत होती, परीक्षेचा निकाल बघावा तशी.

"काय ऐकू आलं?" तिनं विचारलं.

"अहो."

"खरंच?"

"खरंच. पण चिडलेली असताना म्हणतेस तसं. जरा सबुरीनं म्हण."

तिनं कांडी पुन्हा मागं घेतली, आणि सावकाश, अगदी सावकाश, मला हाक मारली.