लिंबोणीचा अवेळी बहर

दारातल्या लिंबोणीला यंदा अवेळी बहर आलाय. पानं पिवळी पडलीत, फांद्या मात्र फुलांनी पांढऱ्या झाल्यात. आई हरखून म्हणाली, "लक्ष्मी आली गं दारात!"

मी एक पिवळं पान खुडून पाहिलं. आई-आबांनी पोटाला चिमटा घेऊन मला शिकवलं, म्हणून मला कळतं. मुळांना अन्नपाणी कमी पडलं की पेशींतली नियंत्रक प्रथिनं पानांची वाढ थांबवतात, आणि काही झाडं उरलेलं सगळं बळ फुलांवर, बियांवर लावून मोकळी होतात.

आबाही हल्ली घाईत असतात. घर रंगवून झालं, आता माझ्यासाठी स्थळं बघणं चाललंय. अंगावर मात्र मांस राहिलेलं नाही.

"आबा, उद्या दवाखान्यात जाऊ."

"आधी तुझं लग्न," ते हसून म्हणाले आणि कमरेच्या पट्ट्याला आणखी एक भोक पाडू लागले.