पायाळूचा पाय

परवा कंबरेचा एमआरआय झाला. मणक्यातली गादी सरकली आहे म्हणे... ऐंशीला टेकल्यावर काही ना काही सरकणारच! फिजिओथेरपीवाली मुलगी घरी येते, गुडघ्याखाली उशी ठेवून व्यायाम करून घेते. तिला सहज म्हटलं, अगं, मी पायाळू आहे. तर तिला तो शब्दच माहीत नव्हता.

म्हटलं, इथेच लिहून टाकावं.

जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी येतात, तो पायाळू. अशा माणसाने उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की दुखणं जातं, अशी आपल्याकडे समजूत. माझा जन्म आईच्या माहेरचा, देवगडजवळच्या गावातला. वाढले मात्र मुलुंडला. ही गोष्ट पन्नासच्या दशकातली, मी तिसरी-चौथीत असतानाची.

चाळीत माझा दवाखाना जोरात चालायचा. कुणाची पाठ धरली की सकाळी सकाळी मला बोलावणं. समोरचे गुजराती काका तर मी पोचायच्या आधीच भिंतीला हात टेकून वाकून उभे असत. मी पाय लावायचा आणि लगेच त्यांना नमस्कार करायचा, कारण मोठ्यांना पाय लागला ना... मग हातावर खडीसाखर पडायची. मला भलताच भाव आला होता.

त्या वर्षी उन्हाळ्यात विहिरीवर हंडा उचलताना आईच्या कंबरेत कळ आली आणि ती जागच्या जागी खाली बसली. शेजारणींनी धरून घरी आणलं. डावा पाय मुंग्यांनी बधिर, ना बसवत होतं ना झोपवत होतं.

डॉक्टर घरी आले. गादी सरकली आहे म्हणाले. कडक फळीवर झोपायचं, वाकायचं नाही, आणि पाठ कुणी चोळायची नाही की तुडवायची नाही. शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं... माझी कीर्ती त्यांच्या कानावर आधीच गेली होती.

माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, माळ्यावरचं जुनं दार काढलं आणि त्यावर सतरंजी घातली. शेजारच्या काकू तव्यावर मिठाची पुरचुंडी गरम करून आईला शेक द्यायच्या. भात माझ्याकडे होता. तो बहुतेक वेळा करपायचा आणि सगळे निमूटपणे खायचे.

पण आईला बरं व्हायची घाई होती. कितीतरी वर्षांनी ती माहेरी जाणार होती. आजी थकली होती, आणि गावाहून येणारा प्रत्येक जण सांगायचा की म्हातारी तुझी वाट बघतेय. तेव्हा कोकणात जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. पावसाळा तोंडावर आला की बोटी बंद, त्या थेट गणपतीच्या सुमाराला सुरू व्हायच्या. भरलेली ट्रंक भिंतीशी ठेवलेली होती आणि आई दारावर पडल्या पडल्या तिच्याकडे बघत राहायची.

मी रोज अण्णांच्या मागे लागायचे, एकदाच पाय लावू द्या. ते म्हणायचे, डॉक्टर नाही म्हणालेत, म्हणजे नाही. मला रडू यायचं. सगळ्या चाळीची उसण मी घालवते आणि माझ्याच घरात माझ्या पायाला बंदी... हा कुठला न्याय!

शेवटची बोट सुटायचा दिवस आला. आई अजून भिंतीला धरून जेमतेम मोरीपर्यंत जात होती. त्या दिवशी घरात बोटीचं नाव कुणी काढलं नाही. अण्णा ऑफिसला निघून गेले.

दुपारी आई हळूहळू पालथी झाली आणि तिने मला हाक मारली. म्हणाली, पाय लाव.

मी घाबरले. डॉक्टरांची आठवण करून दिली.

"नुसता टेकव गं. भार देऊ नकोस."

मी तिच्याशेजारी बसले आणि तिच्या कंबरेवर अलगद तळवा ठेवला. डोळे मिटून देवाला सांगितलं, हिला उठव, नाहीतर बोट तरी थांबव. मग विचारलं, आता उठवतंय का? आई नाही म्हणाली. मी पाय काढायला गेले, तर तिने हात मागे आणून माझा घोटा धरला.

मुंबईत आल्यापासून आई आमच्याशी कधी मालवणीत बोलायची नाही. त्या दुपारी बोलली.

"ह्या पायांक पयलो हात माझ्या आवशीचो लागलेलो आसा. रवांदे वायच." जरा राहू दे, म्हणत होती.

माझ्या जन्माच्या वेळी पाय आधी दिसले, तशी सुईण घाबरली होती. तेव्हा आजीने, आईच्या आईने, पुढे होऊन ते हातात घेतले होते. हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. आईचं तोंड पलीकडे होतं... पण पाठ माझ्या तळव्याखाली हलत होती. ती रडतेय, हे मला पायाला कळलं.

फळी, शेक आणि विश्रांती यांनी आई बरी झाली. श्रावणात चालायला लागली. आणि श्रावणातच आजी गेली... बोटी अजून बंद होत्या, आणि घाटातून एसटीने जाणं त्या पाठीला झेपणारं नव्हतं.

त्यानंतर कितीतरी वर्षं, अगदी माझं लग्न होईपर्यंत, एखाद्या दुपारी आई काम आवरून पालथी व्हायची आणि मला बोलवायची. मी पाय टेकवायचे. कुठे दुखतंय, असं मी कधी विचारलं नाही.

माझ्या पायाने कुणाची उसण खरंच गेली का, देव जाणे. पण आईला तिची आई आठवली की ती मला हाक मारायची, एवढं भाग्य माझ्या वाट्याला आलं. ती हाक आता फार ऐकावीशी वाटते.